वाहन वर्कशॉपमध्ये, वॉरंटी मात्र चालू

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली



वाहन दुरुस्तीसाठी डीलरच्या ताब्यात गेले की त्या दिवशी त्याच्या वॉरंटीची मुदत थांबावी, आणि ते चालू स्थितीत मालकाच्या हाती परत येईल त्या दिवसापासून ती पुढे मोजली जावी, ही मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. मागणी सगळ्याच वाहनांना आणि यंत्रांना लागू पडणारी आहे. पण तिची निकड मी ज्या वाहनाच्या आधारे मांडणार आहे, त्याचा विषय आपल्या कार्यालयात क्वचितच निघत असेल. दोन माणसे शेजारी शेजारी बसतात, मोटारीसारखे गोल स्टिअरिंग असते, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो आणि इंजिन बहुधा आसनांच्या मागे असते, अशा कच्च्या वाटेवरच्या चारचाकीला बाजारात ‘साइड-बाय-साइड’ म्हणतात. हँडल धरून चालवायची एटीव्ही त्याच जातकुळीतली, पण लहान. पोलारिस या अमेरिकी कंपनीने 2011 मध्ये भारतात विक्री सुरू केली, तेव्हापासून ही वाहने आपल्याकडे अधिक दिसू लागली. नवी मुंबईच्या आसपास ती पनवेल, खालापूर, कर्जतच्या फार्महाऊसवर आणि लोणावळ्याच्या साहसी खेळांच्या मैदानांवर आढळतात. अलिबाग, नागाव, काशीदच्या वाळूवर पर्यटकांना एटीव्हीच्या फेऱ्या मारून आणणारेही आहेत. किनाऱ्यावर अशी वाहने नेणे योग्य की अयोग्य हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे, आणि माझे मत ती तिथे नसावीत असेच आहे. पण वाहन खासगी जमिनीवर, शेतात, मळ्यात किंवा परवानगी असलेल्या मैदानात चालवणाऱ्यानेही त्याचे पूर्ण पैसे मोजलेले असतात, आणि हा लेखनप्रपंच त्याच्यासाठी आहे.

या वाहनाची मोडतोड कशी होते ते आधी सांगायला हवे, कारण वॉरंटीचा सगळा वाद तिथूनच सुरू होतो. यातल्या बहुतेक वाहनांना गिअर बदलावे लागत नाहीत. इंजिनाची ताकद दोन पुलींवरून एका जाड रबरी पट्ट्याने चाकांकडे जाते. आपल्या स्कूटरमध्ये असतो तसाच हा बेल्ट, फक्त त्याच्यावर कितीतरी पट भार. क्लचच्या आवरणात पाणी शिरले की बेल्ट घसरतो, घसरला की तापतो, तापला की त्याचे धागे सुटतात. पुढचा रेडिएटर चिखलाने बुजला की इंजिन गरम होते. कोकणातली तांबडी धूळ इतकी बारीक असते की एअर फिल्टर वेळेवर साफ केला नाही तर ती इंजिनाच्या आत पोचते. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत वायरिंगचे जोड आणि चाकांचे बेअरिंग लवकर गंजतात. अॅक्सलवरच्या रबरी बुटाला एक चीर पडली की आतले ग्रीस निघून जाते आणि थोड्याच दिवसांत सांधा वाजू लागतो. यातले काही बिघाड देखभालीच्या हयगयीने होतात, काही चालवणाऱ्याच्या दांडगाईने, आणि काही वाहन बनवतानाच राहिलेल्या उणिवेने. कुठला बिघाड कुठल्या कारणाने झाला हे ओळखायला कसब लागते, साधने लागतात आणि तटस्थपणा लागतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी अधिकृत वर्कशॉपकडे असतात. तिसरी त्याच्याकडे असेलच असे धरून चालता येत नाही, कारण निर्णय मालकाच्या बाजूने लागला तर खर्च त्याच्याच साखळीला सोसावा लागतो.

आता वॉरंटीच्या दाव्याचा प्रवास पाहा. मालक वाहन टेम्पोवर चढवून वर्कशॉपला नेतो. अशा बहुतेक वाहनांना नोंदणी क्रमांक नसतो, त्यामुळे ती रस्त्यावरून चालवत नेता येत नाहीत, आणि जवळचे अधिकृत वर्कशॉप दुसऱ्या जिल्ह्यात असण्याचीच शक्यता जास्त. तिथे जॉब कार्ड बनते, किंवा बनतही नाही. नुसतेच ‘ठेवून जा, बघतो’ असे सांगितले जाते. डीलर फोटो काढून आयातदाराला पाठवतो, आयातदार परदेशातल्या कंपनीला विचारतो, कंपनी आणखी फोटो मागते. मालकाला उत्तर मिळते, ‘कंपनीचं अप्रूव्हल आलेलं नाही.’ अप्रूव्हल आले की ‘पार्ट मागवलाय’. पार्ट परदेशातल्या गोदामातून निघतो, जहाजाने किंवा विमानाने येतो, सीमाशुल्क भरून सुटतो. आयात मालाचा मोठा हिस्सा ज्या न्हावा शेवा बंदरातून देशात उतरतो ते बंदर नवी मुंबईच्या शेजारी उरणला आहे, पण सुटा भाग तिथे उतरला तरी पनवेलच्या मालकाला त्याची खबर नसते, कारण त्याचा करार ना बंदराशी ना कंपनीशी, फक्त डीलरशी. या सगळ्यात आठवडे जातात आणि बऱ्याचदा महिने. एवढा काळ वाहन वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खात उभे असते, आणि त्याची वॉरंटी मात्र दिवसागणिक संपत असते.

समजा, एखाद्याने ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, एक वर्षाच्या वॉरंटीचे वाहन घेतले. डिसेंबरमध्ये पुढच्या डिफरन्शियलमध्ये आवाज येऊ लागला आणि वाहन वर्कशॉपला गेले. मार्चच्या अखेरीस ते दुरुस्त होऊन परत आले. एप्रिल आणि मे हे दोन महिने चालले. जून ते सप्टेंबर पावसाने ते ताडपत्रीखाली गेले. पावसाचा दोष मी कंपनीच्या माथी मारणार नाही. ते चार महिने मालकाने खरेदी करतानाच हिशेबात धरले होते. पण डिसेंबर ते मार्च हे वापराचे ऐन दिवस होते, आणि ते मालकाने वाया घालवलेले नाहीत. वर्षाच्या वॉरंटीतून त्याच्या वाट्याला प्रत्यक्ष वापराचे जेमतेम चार महिने आले. पुढच्या ऑक्टोबरमध्ये तोच आवाज पुन्हा आला, तर उत्तर ठरलेले असते: मुदत संपली. दुरुस्तीला जितका उशीर होईल तितकी पुढच्या बिघाडाची जबाबदारी कंपनीवरून उतरत जाते. उशीर मुद्दाम केला जातो असा आरोप मला करायचा नाही. उशीर करणाऱ्यालाच उशिराचा फायदा होतो अशी ही रचना आहे, आणि ती बदलायला कोणाचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 या बाबतीत गप्प आहे. त्यात वस्तूतील दोषाची व्याख्या आहे, सेवेतील त्रुटीची आहे, उत्पादनदायित्वाचे एक पूर्ण प्रकरण आहे. पण त्या प्रकरणाचा इथे उपयोग होत नाही, कारण ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचे झालेले नुकसान आणि निव्वळ आर्थिक तोटा वगळलेला आहे. वाहनाने पेट घेऊन माणूस भाजला तर ते प्रकरण लागू होते. वाहन तीन महिने नुसते बंद राहिले तर नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले, पण ती चौकट रस्त्यावरच्या नोंदणीकृत वाहनांसाठी आहे. त्याच कायद्याच्या कलम 2(28) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या रस्त्यावर चालण्यायोग्य वाहनाभोवती बांधलेली आहे. वाशीच्या किंवा पनवेलच्या आरटीओला या वाहनाशी देणेघेणे नाही, ते एका अर्थी बरोबरही आहे. उरतो तो आपलाच कायदा.

त्या कायद्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. कलम 2(10) नुसार दोष म्हणजे केवळ कराराने किंवा कायद्याने ठरलेल्या दर्जात राहिलेली उणीव नव्हे. व्यापाऱ्याने कोणत्याही रीतीने जो दर्जा सांगितला असेल त्यातली उणीवही दोषच. आता या वाहनांच्या जाहिराती आठवा. ओढ्यातून पाणी उडवत जाणारे वाहन, चाकांच्या वरपर्यंत चिखल, वाळूच्या टेकडीवरून हवेत उडी. जाहिरात हाही दर्जा सांगण्याचाच एक प्रकार आहे. मग वॉरंटीच्या पुस्तिकेच्या मागच्या पानांवर पाणी शिरणे, चिखल, ‘गैरवापर’ ही कारणे वगळलेली असतात तेव्हा या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. वाहन पाण्यात बुडवून चालवले तर कंपनीने भरपाई द्यावी असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या वापराचे चित्र दाखवून वाहन विकले, तोच वापर गैरवापर ठरवायचा असेल तर तो ठरवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर हवी, आणि ती कारणांसह लेखी हवी. चालवणाऱ्याकडे बोट दाखवून पाहणी संपवण्याची सवय किती महाग पडू शकते हे अमेरिकेत दिसले आहे. तिथल्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने एप्रिल 2016 मध्ये पोलारिसच्या आरझेडआर मालिकेतली सुमारे 1,33,000 वाहने परत बोलावल्याचे जाहीर केले, तोवर वाहन पेटल्याच्या 160 हून अधिक तक्रारी आल्या होत्या आणि एका मुलीचा जीव गेला होता. दोष वेळेत कळवला नाही म्हणून 2018 मध्ये त्या कंपनीने 2 कोटी 72.5 लाख डॉलरचा दंड भरला. त्या आगी चालवणाऱ्यांच्या दांडगाईने लागल्या नव्हत्या.

मुदत थांबवण्याची कल्पना आपल्या विभागाला नवी नाही, आणि हीच माझ्या मागणीची सर्वांत भक्कम बाजू आहे. 2023 साली ग्राहक व्यवहार विभागाने घरगुती उपकरणांच्या उत्पादकांना आणि उद्योगांच्या संघटनांना पत्र लिहून सांगितले की एअर कंडिशनर, फ्रिज, वॉशिंग मशीन यांची वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून न मोजता ते घरी बसवून झाल्याच्या तारखेपासून मोजावी. त्यामागचे तर्कशास्त्र अगदी सरळ होते: जी वस्तू अजून वापरताच येत नाही तिची वॉरंटी संपत जाणे न्याय्य नाही. हेच तर्कशास्त्र एक पाऊल पुढे नेले की माझी मागणी आपोआप येते. बसवण्याआधी खोक्यात पडून असलेला फ्रिज आणि पार्टची वाट पाहत वर्कशॉपमध्ये उभे असलेले वाहन, दोन्ही मालकाला सारखीच निरुपयोगी. पहिल्यासाठी घड्याळ उशिरा सुरू करायचे आणि दुसऱ्यासाठी ते चालूच ठेवायचे, याला तात्त्विक आधार मला सापडत नाही.

परदेशात हा मुद्दा कायद्यात कधीच उतरलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या ग्राहक वॉरंटी कायद्यात, जो 1970 सालचा आहे, वस्तू दुरुस्तीसाठी दिल्यापासून परत मिळेपर्यंतचा काळ वॉरंटीच्या मुदतीतून आपोआप वगळण्याची तरतूद आहे. तिथल्या सदोष मोटारींबाबतच्या खास तरतुदींतून केवळ रस्त्याबाहेर चालणारी, नोंदणी नसलेली वाहने वगळलेली आहेत, म्हणजे आपल्यासारखीच फट तिथेही आहे. पण मुदत थांबवण्याचा सर्वसाधारण नियम ग्राहकवस्तूंना सरसकट असल्यामुळे तो कोणा एका वाहनप्रकाराच्या व्याख्येवर अवलंबून राहत नाही. युरोपीय संघाने 2024 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. त्यानुसार कायदेशीर हमीच्या काळात ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती स्वीकारली तर विक्रेत्याची जबाबदारी आणखी बारा महिन्यांनी वाढते; सदस्य देशांनी तो 31 जुलै 2026 पासून लागू करायचा आहे. मी बारा महिने मागत नाही. वर्कशॉपमध्ये गेलेले दिवस तेवढे मागतो.

यावर उद्योगाकडून येणारा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. ही वाहने वर्षाला थोडीच विकली जातात, आयातदार लहान आहेत, प्रत्येक सुटा भाग भारतात साठवून ठेवणे परवडणारे नाही, आणि मुदत वाढवायला लावली तर किंमत वाढेल, असे सांगितले जाईल. यातला साठ्याचा भाग खरा आहे. म्हणूनच मी साठा ठेवण्याची सक्ती मागत नाही. साठा ठेवायचा की उशीर सोसायचा हे आयातदाराने ठरवावे, फक्त त्या निर्णयाची किंमत त्यानेच मोजावी. आज तो साठा न ठेवता पैसे वाचवतो आणि न ठेवल्याचा परिणाम मालक भोगतो. मुदत थांबली की ज्याच्या हातात उशीर कमी करण्याची साधने आहेत त्यालाच तो कमी करण्याचे कारण मिळेल. किमतीबद्दल सांगायचे तर जो आयातदार आठवड्यात पार्ट देतो त्याच्यावर या नियमाचा जवळजवळ काहीच बोजा पडत नाही. बोजा पडतो तो महिनोन्महिने लावणाऱ्यावर. आणि तसल्या आयातदाराच्या वॉरंटीची खरी किंमत आजही कागदावर लिहिलेल्यापेक्षा कमीच आहे, फक्त ती खरेदीच्या वेळी दिसत नाही. उत्पादकच देश सोडून जातो तेव्हा काय होते याचाही विचार इथे केला पाहिजे. आयशर आणि पोलारिस यांनी मिळून जयपूरजवळ बनवलेली मल्टिक्स ही धंद्याला आणि कुटुंबाला दोन्हींना उपयोगी म्हणून विकलेली गाडी 2015 मध्ये बाजारात आली आणि 2018 मध्ये त्या भागीदारीने काम थांबवण्याचा निर्णय घेतला. महाराष्ट्राला तर जनरल मोटर्सचा अनुभव आहे: 2017 च्या अखेरीस देशातली विक्री थांबली, पुढे तळेगावचा कारखानाही बंद झाला. अशा वेळी उरलेल्या वॉरंटीचे दिवस किती हा प्रश्न मालकाच्या दृष्टीने कागदी राहत नाही.

दुसरा आक्षेप असा की मालक वाहन मुद्दाम वर्कशॉपमध्ये सोडून देतील आणि मुदत लांबवत नेतील. याचे उत्तर दोन तारखांत आहे. वाहन ताब्यात घेतल्याची तारीख आणि ते तयार असल्याचे मालकाला लेखी कळवल्याची तारीख. मुदत एवढ्याच काळापुरती थांबावी, मालकाने न्यायला केलेला उशीर त्यात धरू नये. त्यासाठी जॉब कार्ड प्रत्येक वेळी, वाहन ताब्यात घेतानाच, मालकाची तक्रार त्याच्याच शब्दांत नोंदवून दिले जाणे आवश्यक आहे. दुचाकीच्या लहानशा सर्व्हिसिंगलाही आज छापील जॉब कार्ड मिळते. काही लाखांच्या वाहनाला ते तोंडी ‘बघतो’वर सोडण्याचे कारण नाही. मालकानेही आपली बाजू राखायला हवी, हे मी आवर्जून लिहितो. फिल्टर केव्हा साफ केला, तेल केव्हा बदलले, किती तास चालले याची वही ठेवली नाही तर उद्या गैरवापराच्या आरोपाला त्याच्याकडे उत्तर नसेल. या वाहनात किलोमीटरपेक्षा इंजिनाचे तास महत्त्वाचे, आणि ते मीटरवर दिसतात. तासांची आणि तारखांची वही दोन्ही बाजूंनी नीट ठेवली तर अर्धे वाद ग्राहक आयोगापर्यंत जाणारही नाहीत.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. न्यायालये आणि ग्राहक आयोग आहेतच, मग वेगळी मार्गदर्शक तत्त्वे कशाला? बेलापूर, नेरूळ, वाशीच्या रहिवाशासाठी कोकण भवनातला अतिरिक्त ठाणे जिल्हा आयोग आहे. खारघर-कामोठ्याचा रहिवासी रायगड जिल्ह्यात मोडतो, म्हणून त्याला अलिबाग गाठावे लागते. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली, ऑनलाइन दाखल करण्याची सोय झाली, हे मोठे उपकार आहेत. कायद्याने निकालासाठी तीन महिन्यांची मुदत सांगितली आहे, आणि वस्तूची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांची. पण वाहनाच्या वादात तपासणी जवळजवळ नेहमीच लागते, आणि रस्त्याबाहेरच्या आयात वाहनाचे तज्ज्ञ शोधणे सोपे नसते. त्यात न्यायालयाचे दोन निकाल मालकाच्या वाटेवर उभे राहतात. 2006 मध्ये मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचीच हमी असेल तर संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. 2021 मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाला 2011 चे म्हणून 2009 सालचे वाहन दिल्याच्या प्रकरणात न्यायालयाने डीलरला जबाबदार धरले, पण उत्पादकाला मोकळे केले, कारण दोघांतला करार स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता. दोन्ही निकाल आपापल्या वस्तुस्थितीत समजण्यासारखे आहेत. त्यांचा एकत्रित अर्थ मात्र असा की मालकाला जे काही मिळायचे ते वॉरंटीच्या शब्दांतूनच मिळायचे. तसे असेल तर त्या शब्दांचा काळ कसा मोजायचा हे नीट ठरवणे आणखीच महत्त्वाचे होते. करारातली अट अन्याय्य ठरवून रद्द करण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, तो राज्य आणि राष्ट्रीय आयोगांना आहे. म्हणजे तीन महिन्यांच्या उशिरासाठी खारघरच्या माणसाने अलिबागऐवजी थेट राज्य आयोगात जायचे. असा खर्च कोणी करत नाही. हक्क न वापरताच बुडतो.

आणखी एक शंका सभ्यपणे बोलून दाखवली जात नाही, पण मनात असते: ही श्रीमंतांची खेळणी, यांच्यासाठी शासनाने वेळ का घालवावा? फार्महाऊसवरचा मालक सुस्थितीत असतो हे खरे. पण अशी वाहने लष्कराच्या लडाखमधल्या तुकड्यांनीही वापरली आहेत, आणि लष्कर स्वतःच्या देखभालीच्या अटी स्वतः ठरवून घेऊ शकते. सामान्य खरेदीदाराला छापील पुस्तिकेवर सही करण्यापलीकडे काही ठरवता येत नाही. शिवाय एखादे वाहन घेऊन पर्यटकांना फिरवून पोट भरणारा माणूस श्रीमंत नव्हे. कायद्याच्या कलम 2(7) मध्ये व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा मालक ‘ग्राहक’ ठरत नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळली आहे. लीलावती रुग्णालयाच्या न्यासाच्या 2019 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खरेदीचा मुख्य हेतू पाहायला सांगितले. वाहन तीन महिने बंद राहिले की अशा माणसाचा हंगाम जातो, कर्जाचा हप्ता जात नाही. आणि लोक थोडे आहेत म्हणूनच त्यांना नियमाची जास्त गरज आहे. सप्टेंबर 2023 ते ऑगस्ट 2024 या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ओला इलेक्ट्रिकच्या स्कूटरबद्दल 10,644 तक्रारी आल्या, आणि आपल्या प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये त्या कंपनीला नोटीस काढली. कंपनीने बहुतेक तक्रारी सोडवल्याचे उत्तर दिले. ते काहीही असो, दहा हजार तक्रारी झाल्यावर सरकारचे लक्ष जाते. साइड-बाय-साइडच्या मालकांच्या दहा हजार तक्रारी कधीच होणार नाहीत, कारण तेवढे मालकच नाहीत. ज्या वस्तूचे मालक विखुरलेले आणि मोजके असतात तिच्याबाबत आधीच ठरवून दिलेला नियम हाच एकमेव उपाय असतो.

दुरुस्तीबद्दल आपल्या सरकारने गेल्या काही वर्षांत जे काम केले आहे त्याची मला कदर आहे. 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली गेली, तिने शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली, आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनी त्याचे पोर्टल सुरू झाले. पुढे वस्तू दुरुस्तीला किती सोयीची आहे हे दाखवणाऱ्या निर्देशांकावर काम झाले, पण त्याची सुरुवात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांपासून झाली. वाहने मागे राहिली. त्याआधी 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना 2,544.65 कोटी रुपयांचा दंड केला होता, कारण त्या सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अटही आयोगाने चुकीची ठरवली. ते प्रकरण अपिलांत लांबले. पण त्यातला विचार आजही लागू आहे: अधिकृत वर्कशॉप पार्टची वाट पाहत असेल आणि शेजारच्या गॅरेजमध्ये तो बेअरिंग किंवा बेल्ट उपलब्ध असेल, तर मालकाला वॉरंटी गमावण्याच्या भीतीने वाहन बंद ठेवायला लावणे न्याय्य नाही.

म्हणून माझी विनंती आहे की कलम 18 मधील अधिकार वापरून प्राधिकरणाने वाहने आणि यंत्रे यांच्या वॉरंटीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढावीत, आणि त्यांत रस्त्यावरची व रस्त्याबाहेरची असा भेद करू नये. वाहन ताब्यात घेताना तारखेसह जॉब कार्ड देणे आणि ते तयार झाल्याचे लेखी कळवणे बंधनकारक असावे. या दोन तारखांमधला काळ वॉरंटीत आपोआप मिळवला जावा, त्यासाठी मालकाला अर्ज करावा लागू नये. दावा नाकारला तर कारण, तपासणीचे निष्कर्ष आणि वाहनाच्या संगणकातल्या नोंदी मालकाला द्याव्यात. ज्या नोंदींच्या आधारे त्याच्यावर गैरवापराचा ठपका ठेवला जातो त्या पाहण्याचा अधिकार त्याला असायलाच हवा. दुरुस्ती ठरावीक दिवसांत झाली नाही तर डीलर आणि आयातदार दोघांनाही तक्रारीत उत्तर द्यावे लागेल असे स्पष्ट लिहावे, म्हणजे गोव्यातल्या प्रकरणासारखी एकमेकांकडे बोट दाखवण्याची जागा उरणार नाही. दिवस किती हे उद्योगाशी बोलून ठरवावे. तीस की पंचेचाळीस यावर माझा हट्ट नाही. तांत्रिक वादांसाठी पुण्यातल्या एआरएआयसारख्या 1966 पासून वाहने तपासणाऱ्या संस्थेची मदत जिल्हा आयोगांना ठरावीक शुल्कात मिळेल अशी व्यवस्था करता आली तर कोकण भवनात आणि अलिबागमध्ये बसलेल्या सदस्यांचेही काम सोपे होईल.

ही तत्त्वे येत्या ऑक्टोबरच्या आधी निघाली तर पुढच्या हंगामातल्या खरेदीच्या पावत्यांवर ती छापता येतील. जुन्या वॉरंटींना ती मागील तारखेपासून लावा असे मी म्हणत नाही; ज्यांची वाहने या क्षणी वर्कशॉपमध्ये उभी आहेत त्यांच्यापुरते मात्र, तत्त्वे निघाल्याच्या दिवसापासून घड्याळ थांबावे.

कळावे,
आपला विश्वासू,
नवी मुंबईतील एक ग्राहक